फ्लॉरेन्समधली पहिली रात्र

परदेशवारी करून आलेल्या बाईला लोक ठरावीक प्रश्न विचारतात. काय काय पाहिलं, खर्च किती आला, जेवणाचे हाल झाले का, आणि थंडी सोसली का. आम्ही पाचजणी इटलीहून परत आलो तेव्हा आम्हालाही हे सगळं विचारून झालं. डेव्हिडचा पुतळा पाहिला का, हेही बऱ्याचजणींनी विचारलं, पण जरा आवाज उतरवून! पहिली रात्र कशी गेली, ते मात्र कुणीच विचारलं नाही. खरं सांगायचं तर सबंध बारा दिवसांत माझ्या मनात सगळ्यात घट्ट बसली आहे ती हीच रात्र.

आधी आमची ओळख करून देते. आमची भिशी कोल्हापूरची, पंचवीसेक वर्षांची जुनी. सगळ्यांत मोठी अक्का, वय एकाहत्तर, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. तिच्या खालोखाल वहिनी, नदीकडच्या पेठेत जुन्या वाड्यात राहणारी, चातुर्मास कडक पाळणारी. मग डॉक्टरीणबाई. या स्वतः डॉक्टर नव्हेत, डॉक्टरांच्या पत्नी. पण औषधांची पिशवी कायम यांच्याच खांद्याला. चौथी मी. आणि बावन्न वर्षांची बेबी, आमच्यातली ‘लहान’. ती बँकेत अधिकारी आहे, म्हणून इंग्रजी आणि मोबाईल ही दोन्ही खाती तिच्याकडे.

टूर कंपनीबरोबर न जाता आपलं आपण जायचं, हा हट्ट अक्काचा. त्याला कारण होतं. टूरवाले फ्लॉरेन्सला अर्धा दिवस देतात. घुमट दाखवला, पूल दाखवला की बसा बसमध्ये. अक्काला जिथं जायचं होतं तिथं कुठलीच बस जात नव्हती. फ्लॉरेन्सच्या एका टोकाला नदीकाठी आमच्या कोल्हापूरच्या एका महाराजांची छत्री आहे, तिला ती बघायची होती. “मरायच्या आधी एकदा बघून येतो,” असं ती दर भिशीला म्हणायची. (आमच्याकडे बायकाही ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचक भगिनींनी चालवून घ्यावं.)

माझ्या मुलानं पुण्याहून फोनवर सगळा बेत ऐकून घेतला आणि एकच वाक्य बोलला, “आई, तुम्हाला नाही झेपायचं.” वाक्यात वाईट काहीच नव्हतं, काळजीच होती. पण मला ते लागलं. त्या दिवसापासून तिकिटं, व्हिसा, घराचं बुकिंग, सगळ्या कागदांची फाईल मी माझ्याकडे घेतली. निळी फाईल. तिला एक पोटचं पोर असावं तशी मी ती छातीशी धरून हिंडले.

२०२३ सालच्या ऑक्टोबरात निघालो. मुंबईहून मधे एक विमान बदलून रोम, विमानतळावरून आगगाडीनं रोमचं मोठं स्टेशन तेर्मिनी, आणि तिथून दीड तासाच्या वेगवान गाडीनं फ्लॉरेन्स. तेर्मिनीला डॉक्टरीणबाईंनी पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, तर दोन्हींत सोडा निघाला. तिथं बाटलीवर ‘नातुराले’ असलं तर साधं पाणी आणि ‘फ्रिझान्ते’ असलं तर बुडबुड्यांचं, हे आम्ही चार घोट नाकातून आल्यावर शिकलो. गाडीत बेबीनं खिडकीतून शेतांचे, टेकड्यांचे आणि बोगद्यांतल्या अंधाराचेसुद्धा फोटो काढले. त्यामुळे फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनावर उतरलो तेव्हा तिच्या मोबाईलनं मान टाकली होती.

रात्रीचे साडेआठ झाले होते. बाहेर टॅक्सीची रांग होती, पण साध्या टॅक्सीत चौघांच्या वर माणूस घेत नाहीत. म्हणजे दोन टॅक्स्या, आणि आमची ताटातूट! पत्ता एकाच फाईलीत, फाईल माझ्याकडे. मग मी पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दुसऱ्या गाडीत बेबीच्या मुठीत कोंबला. ती सात-आठ मिनिटं मागे वळून वळून दुसरी टॅक्सी दिसते का ते बघण्यात गेली. रस्त्यात काय काय लागलं ते विचारू नका.

घर होतं व्हिया देई नेरी नावाच्या गल्लीजवळ, जुन्या दगडी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, हे बुकिंग करताना वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईला तिच्या बॅगेसकट वर चढवणं वेगळं. तिथं खालच्या मजल्याला पहिला म्हणत नाहीत, आपल्यासारखंच तळमजला धरतात, आणि जुन्या घरांच्या छताला उंची दणदणीत. म्हणजे तिसरा मजला आपल्या चौथ्याइतका. दाराशेजारी एक छोटी पेटी होती, तिला आकडे फिरवून किल्ल्या काढायच्या होत्या. त्या निघाल्या. खालचं दार उघडलं. बॅगा एकेक करून, थांबत थांबत, वर नेल्या. आणि वरचं दार काही केल्या उघडेना.

किल्ली आत जात होती. फिरत होती. खट् असा आवाज येत होता, आणि दार जिथल्या तिथं. मी फिरवली, बेबीनं फिरवली, वहिनीनं देवाचं नाव घेऊन फिरवली. एका दिशेला, दुसऱ्या दिशेला. काही नाही.

त्यात तिथल्या जिन्याचा दिवा! तो बटण दाबल्यावर जेमतेम मिनिटभर जळतो आणि आपोआप विझतो. विजेची बचत, चांगलीच आहे. पण अनोळखी गावात, अनोळखी जिन्यात, दर मिनिटाला मिट्ट काळोख झाला की जिवाचं पाणी होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी भिंत चाचपडायचं, बटण दाबायचं, उजेड पडायचा, आणि एकमेकींचे तोंड उतरलेले चेहरे दिसायचे. काळोखच बरा होता म्हणायची वेळ.

अक्का पायरीवर बसली. तिला मधुमेह आहे. दुपारी गाडीत दोन तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, त्यावर काही नाही. घड्याळात साडेनऊ. तिचा हात हातात घेतला तर गार आणि घामेजलेला. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून खडीसाखर काढून तिच्या तोंडात घातली आणि काही न बोलता तिच्या शेजारी बसल्या. त्यांचं ते न बोलणं मला जास्त भीती घालून गेलं.

माझ्या मोबाईलवर परदेशातलं पॅक घेतलं होतं. साधा फोन लागत होता. इंटरनेट मात्र सुरूच झालं नव्हतं. घरमालकिणीनं पाठवलेल्या सगळ्या सूचना त्या इंटरनेटात, आणि तिचा नंबरही त्यातच. मी त्या फाईलीत लिहून घ्यायला विसरले होते. एवढी मोठी निळी फाईल, त्यात विम्याच्या तीन तीन प्रती, आणि नेमका तो एक नंबर नाही!

“मुलाला फोन लाव,” बेबी म्हणाली. “तो तिकडून बघून सांगेल.”

त्या दिवसांत इटली आपल्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे पुण्यात रात्रीचा एक. मुलाचा नंबर मी काढला. अंगठा त्यावर धरला. मैत्रिणींनो, आज घरात बसून सांगायला लाज वाटते, पण अक्काचा हात गार पडलेला दिसत असतानाही माझा अंगठा खाली जाईना. ‘नाही झेपायचं’ हे वाक्य कानात वाजत होतं. दोन-चार सेकंदच असतील. पण त्या दोन-चार सेकंदांत मला माझ्याबद्दल जे कळलं, ते काही फार चांगलं नव्हतं. मी अंगठा दाबायला गेले, आणि पुन्हा दिवा विझला.

वहिनी भिंतीकडे धावली आणि अंधारात तिनं जे बटण दाबलं ते दिव्याचं नव्हतं. समोरच्या घराची घंटा होती ती. आत कर्कश वाजली. वहिनी घाबरून आणखी एकदा दाबून बसली!

आतून चपला घासत येत असल्याचा आवाज आला. “की ए?” म्हणजे कोण आहे. एवढं इटालियन येत नसलं तरी दाराआडून बाई काय विचारते ते जगात कुठंही कळतं. आता उत्तर काय द्यायचं? बेबी बँकेतलं इंग्रजी बोलायला लागली. तेवढ्यात अक्का पायरीवरूनच म्हणाली, “बायकाच हाय आम्ही, उघड की!” ते शुद्ध कोल्हापुरी ऐकून असो की बाईमाणसाचा आवाज ऐकून, दार उघडलं.

घरातला झगा, वर लोकरीचं जाकीट, पायात सपाता, ऐंशीच्या आसपासची म्हातारी. तिनं आम्हा पाचजणींकडे, आमच्या पाच बॅगांकडे आणि पायरीवरच्या अक्काकडे पाहिलं. दोन्ही हातांची बोटं जुळवून हवेत हलवत बरंच काही बोलली, बहुतेक या रोज येणाऱ्या नव्या नव्या पाहुण्यांबद्दल. मग माझ्या हातातली किल्ली घेतली, दाराची मूठ धरून दार स्वतःकडे ओढलं, गुडघा चौकटीला टेकवला आणि किल्ली फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. दार उघडलं.

“क्वात्त्रो!” ती म्हणाली आणि माझ्या नाकासमोर चार बोटं धरली.

तिकडच्या बऱ्याच दारांची कुलपं अशी असतात म्हणे. एका फेऱ्यानं एक पेर आत सरकतो, अशी चार पेरं. आम्ही खट् झालं की थांबत होतो आणि उलटी फिरवून केलेलं पुन्हा बंद करत होतो! जाणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावं. आणि घरमालकाचा नंबर कागदावर लिहून घ्यावा, हेही माझ्या खर्चानं शिकून घ्यावं. अक्का म्हणाली, “माझ्या माहेरच्या वाड्याचं दार असंच होतं. ओढून धरल्याबिगर कडी निघायची नाही. मला आधी का नाही बोलावलं?” तिला पायरीवर बसवून ठेवलं होतं आम्हीच.

आत जाऊन दिवे लावतो न लावतो तोच म्हातारी पुन्हा आली. हातात फडक्यात गुंडाळलेला जाड पाव आणि बशीत तेल घातलेली शिजवलेली पांढरी घेवड्याची उसळ म्हणावी तसं काही. तिनं ते सरळ अक्कापुढे ठेवलं. अक्काकडे बोट दाखवलं, स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि गेली. पाव तोडून खाल्ला तर त्यात मिठाचा कण नाही. मला वाटलं, म्हातारी विसरली बिचारी. नंतर कळलं की त्या सगळ्या तोस्काना प्रांताचा पावच अळणी असतो, पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. आम्ही त्याला कांदा-लसणाची चटणी लावली. अळणी पाव, आमची चटणी आणि त्यांचं ऑलिव्हचं तेल, हा मेळ इतका जमला की पुढे बारा दिवस आम्ही पंचतारांकित काही मागितलं नाही. (चटणी, पुऱ्या, भाजणी बिनदिक्कत न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपात बाहेरून न्यायला बंदी आहे, ते बॅगेत घालू नका.)

न्हाणीघरात शौचकुपाशेजारी दुसरं एक तसंच बुटकं भांडं, वर नळ. वहिनीनं त्यात पाय धुतले आणि सोय फार छान आहे म्हणाली. ते पाय धुण्याचं नव्हतं, हे बेबीनं तिला समजावून सांगितलं. इटलीत राहत्या घराच्या न्हाणीघरात ते असलंच पाहिजे असा १९७५ सालापासून नियम आहे. पाण्याशिवाय कसं व्हायचं, ही आपल्या बायकांची परदेशातली मोठी चिंता. इटलीत ती करू नका.

आता झोपावं, असं चारचौघींनी म्हटलं असतं. अक्काच्या गालावर रंग आला होता. ती म्हणाली, “नदी बघून येऊ या.”

“अक्का, साडेदहा वाजले. उद्या बघू की,” मी म्हटलं.

“नदी बघितल्याबिगर गावात आलो असं वाटत नाही मला. तुम्ही झोपा. मी जाऊन येतो.”

एकटीला कोण सोडणार? डॉक्टरीणबाई पाय सुजले म्हणून घरी थांबल्या. आम्ही चौघी किल्ली घेऊन, दार चार वेळा फिरवून, उतरलो.

दगडी फरशांच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंनी उंच घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, मधेच एखाद्या खाणावळीतून भांड्यांचा आवाज. तेव्हा आमच्या लक्षात आलं की भीती वाटत नाहीये. पोरंसोरं, म्हातारी जोडपी रस्त्यानं रमतगमत चालली होती. आपल्याकडे रंकाळ्यावर असतात तशीच.

पहिल्याच कोपऱ्यावर बेबीला भिंतीवर काहीतरी दिसलं. आमच्या डोक्याच्या बरंच वर, एकाखाली एक, दोन दगडी पाट्या. खालच्या जुन्या पाटीवर कोरलेला हात पाण्याच्या लाटांकडे बोट दाखवतोय. बेबीला इटालियन कळत नव्हतं, पण आकडे कळले, आणि घरून वाचून आलेल्या अक्कानं बाकीचं सांगितलं. १३३३ साली ४ नोव्हेंबरला आर्नो नदीला महापूर आला, तो त्या हातापर्यंत चढला होता. वरची पाटी १९६६ची. तारीख तीच, ४ नोव्हेंबर! सहाशेतेहतीस वर्षांनी त्याच दिवशी, त्याच नदीचं पाणी आणखी वर. त्या पुरात माणसं गेली, ग्रंथालयातली लाखो पुस्तकं आणि कितीतरी जुनी चित्रं चिखलात बुडाली, आणि ती चिखलातून काढायला देशोदेशींची तरुण मुलं आली होती.

वहिनी काही न बोलता पाटीखाली जाऊन उभी राहिली. हात वर केला. बोटं पाटीपर्यंत पोचेनात. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी तिच्या वाड्यात माळ्याच्या खाली वीतभर आलं होतं. तिच्या सासूचा सागवानी पलंग, मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या पैठण्या, धान्याच्या कणग्या, सगळं गेलं. त्यानंतर तिनं भिशी दोन वर्षं सोडली होती, आणि का सोडली ते आम्ही विचारलं नव्हतं. “यांनी लिहून ठेवलं बघ,” ती म्हणाली. “आम्ही नुसतं रंगवून टाकलं भिंतीवर.”

पुढे नदी आली. आर्नो. आवाज न करता वाहणारी, काळी, दिव्यांच्या लांबच लांब रेघा ओढलेली. थोडं चाललं की तो जुना पूल, पोन्ते व्हेक्क्यो. ‘व्हेक्क्यो’ म्हणजेच जुना. १३३३च्या पुरानं आधीचा वाहून नेला, म्हणून १३४५ साली हा बांधला. १९४४ साली माघार घेताना जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एकटा ठेवला. पुलाच्या दोन्ही अंगांना दुकानं, जणू गल्लीच. पूर्वी तिथं खाटीक बसायचे. १५९३ साली राजानं त्यांना उठवून सोनार बसवले, ते आजतागायत. रात्री त्यांच्या जाड लाकडी फळ्या लावलेल्या, लोखंडी पट्ट्या मारलेल्या, एखाद्या जुन्या पेटाऱ्यासारख्या. “आपली गुजरीच आहे की ही, पुलावर मांडलेली,” बेबी म्हणाली. दुकानं बंद होती हे आमच्या पाकिटांचं भाग्य.

पुलाच्या मध्यावर दुकानांची रांग सुटते आणि नदी दिसते. तिथं कठड्याला टेकून अक्कानं विचारलं, “पाणी कुणीकडं चाललंय?”

“पश्चिमेला,” बेबी म्हणाली.

“म्हणजे ते तिकडंच.”

तिकडं म्हणजे छत्रीकडे. आता या महाराजांविषयी सांगायला हवं, कारण कोल्हापुरातसुद्धा त्यांचा गोंधळ होतो. राजाराम म्हटलं की कुणाला शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव आठवतात, कुणाला शाहू महाराजांचे. हे मधले. दत्तक येऊन १८६६ साली गादीवर बसले, तेव्हा वय सोळा. १८७० साली विलायतेला गेले. समुद्र ओलांडायला आपल्याकडे विरोध व्हायचा ते दिवस. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाला भेटले, सगळं पाहिलं, रोज इंग्रजीत रोजनिशी लिहिली. ती पुढे १८७२ साली लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच गावातल्या एका हॉटेलात वारले. वय वर्षं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहनाची रीत तिथं नव्हतीच. खास परवानगी काढावी लागली. शहराच्या टोकाला आर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते, त्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं १८७४ साली छत्री उभी राहिली, आत त्यांचा अर्धपुतळा आहे. एका इंग्रज शिल्पकारानं घडवलेला. जवळच्या नव्या मोठ्या पुलालाही त्यांच्यामुळेच ‘इंडियन’चा पूल म्हणतात.

हे सगळं आम्ही अक्काच्या तोंडून दहादा ऐकलं होतं. इतिहासाच्या बाई आहेत, असायचंच वेड, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या रात्री पुलावर ती वेगळंच बोलली.

“माझा दादा बर्मिंगहॅमला होता,” ती म्हणाली. “फाउंड्रीत. त्रेसष्ट साली गेला, सदुसष्टला न्यूमोनियानं वारला. तार आली. आपल्यातलं कुणी जाणार कसं? तिथल्या लोकांनीच सगळं केलं. मी पंधरा वर्षांची. आई जगली तोवर एकच विचारायची, तिथं नदी होती का गं? आता मला काय ठाऊक? मी म्हणायचो, होती. मोठी होती.”

कुणी काही बोललं नाही. पुलाखालून एक वल्ह्याची होडीही जात नव्हती त्या वेळी.

“ह्या पोराला तरी नदी मिळाली,” ती म्हणाली, आणि ‘पोरा’ला म्हणाली ते मला उशिरा उमगलं. आम्ही इतकी वर्षं महाराज महाराज म्हणत होतो. वीस वर्षांचा मुलगा. माझ्या नातवाहून एका वर्षानं मोठा.

परतताना मोठ्या चौकातून आलो. राजवाड्याच्या दारात डेव्हिड उभा. तो मूळ पुतळा नव्हे, नक्कल आहे. अस्सल १८७३ साली संग्रहालयात हलवला. म्हणजे राजाराम महाराज आले तेव्हा अस्सलच इथं उघड्यावर असणार. वहिनीनं पदर सावरला, मान वळवली, आणि मग हळूच पुन्हा बघितलं. “रात्रभर असाच असतो होय? गारठत असेल,” एवढंच बोलली. आम्ही इतक्या हसलो की दोन पोलीस वळून बघायला लागले. मघाच्या पुलावरचं सगळं त्या हसण्यात थोडं सैल झालं.

घरी आलो. किल्ली मी फिरवली, दार ओढून, गुडघा लावून, मोठ्यानं मोजत. समोरच्या घराच्या दाराआड चपला घासल्याचा आवाज झाला, म्हणजे म्हातारी ऐकत होती.

झोपायच्या आधी अक्काची गोळ्यांची डबी शोधायला मी तिची बॅग उघडली. लुगड्यांच्या घडीत, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधलेली, औषधाची असते तेवढी बाटली होती. आत पाणी. विचारलं नाही. पंचगंगेच्या घाटावर आमच्या राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत, तिथून ती निघायच्या दिवशी पहाटे जाऊन आली होती, हे मला तिच्या सुनेकडून ठाऊक होतं.

अंथरुणावर पडल्यावर मोबाईल एकदम किणकिणला. इंटरनेट जागं झालं होतं! घरमालकिणीचा संदेश सगळ्यांत वर: दार ओढून धरा, किल्ली चार वेळा फिरवा. खाली मुलाचे पाच. पोचलीस का, पोचलीस का. मी लिहिलं, “पोचलो. जेवलो. नदी बघून आलो.”

सकाळी ट्रामनं निघालो. नदीकाठच्या त्या बागेचं नाव लिहिताना कसंही लिहा, उच्चार आहे ‘काशीने’. अक्का थांब्यावरची घोषणा ऐकून आमच्याकडे वळली आणि म्हणाली, “काशीच की गं.” पुढे झाडांखालून तासभर चालणं होतं. छत्री दिसली तशी ती आमच्यापुढे गेली. आम्ही मागे राहिलो. अर्धी बाटली तिनं छत्रीच्या पायरीवर वाहिली. उरलेली अर्धी घेऊन ती संगमापर्यंत गेली, आणि ती कुणासाठी होती ते आम्हाला सांगायची तिला गरज पडली नाही.

मग म्हणाली, भूक लागली.